धाकटीची शेवटची कुपी

ताईला हाक मारली की ती लगेच वळत नाही. आधी हातातला थेंब पडू देते, मग मान वळवते. नव्याने आलेल्यांना वाटतं, बाईला कमी ऐकू येतं. मीही नोकरीच्या सुरुवातीला एकदा तिच्या कानाशी जाऊन ओरडले होते. ती शांतपणे म्हणाली, “ऐकू येतं गं मला. पण रक्ताला धक्का बसतो.”

ताईचं काम सांगायला सोपं आहे. माणसाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या आणि त्या किती श्वास घेतात हे मोजणाऱ्या यंत्रात नेऊन बसवायच्या. पेशीसुद्धा श्वास घेते. प्राणवायू ओढते, त्यातून आपली ताकद तयार करते. एका चिवट तापातून उठलेली, पण उठूनही धड उभी न राहिलेली माणसं आमच्या प्रयोगशाळेत येतात. चार पायऱ्या चढल्या की त्यांना मटकन बसावंसं वाटतं. त्यांच्या पेशीही अशाच दमल्या आहेत का, हे आमच्या डॉक्टर मॅडमना शोधायचं आहे. मी आणि ताई त्यांच्याकडे तंत्रज्ञ. रक्त मी काढते, पुढचं सगळं ताई करते.

पुढचं माझ्याकडे नाही, कारण माझे हात घाईचे. असं ताई म्हणते, आणि ती म्हणते म्हणून सगळेच म्हणतात. त्यात खोटं काही नाही. नळीत आधी एक जड, पाण्यासारखं स्वच्छ द्रावण असतं. त्यावर रक्त असं सोडायचं की दोन्ही मिसळता कामा नयेत. ताई नळी तिरकी धरते आणि रक्त कडेकडेने उतरतं. माझं धपकन पडतं. मग ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात जाते. त्याला ब्रेक आहे, पण ताई तो बंद ठेवते, कारण झटक्याने थांबलं की सगळं ढवळतं. आपलं आपण थांबू द्यायचं. थांबल्यावर तांबडं सगळं तळाला बसतं, पिवळं पाणी वर येतं आणि मधे एक पातळ, धुरकट कडं दिसतं. सगळा खटाटोप त्या कड्यासाठी. ताई ते पिपेटने असं अलगद उचलते की खालच्या तांबड्याला पत्ताही लागत नाही.

मग ते धुवायचं, परत धुवायचं, आणि निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. मेलेल्या पेशी रंग पितात आणि निळ्या होतात. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाहीत, त्या चकाकतात. शेवटी त्या एका प्लेटच्या बारीक बारीक खळग्यांत सोडायच्या. खळग्यात बुडबुडा आला की तो खळगा वाया गेला. माझ्या प्लेटवर बुडबुड्यांचं संमेलन भरतं.

“थेंबे थेंबे तळे साचे,” ताई म्हणायची. “तू एकदम बादली ओततेस.”

“तळं साचेपर्यंत माणूस तहानेने मरतो,” मी म्हणायचे. हे मी तेव्हा गमतीत म्हणायचे.

तिचं आणखी एक वाक्य होतं. रक्त एकदा बाहेर काढलं की पेशींना आपण फार वेळ थांबवू शकत नाही. त्या आत्ता ताज्या असतात, मग मलूल होत जातात. म्हणून कुणी जेवायला बोलावलं, मॅडमनी बैठकीला बोलावलं, घरून कुणाचा निरोप आला, की ताई मान न वळवता म्हणायची, “माणूस थांबेल, पेशी थांबणार नाही.” आम्ही सगळे हसायचो. मॅडमसुद्धा बैठक पुढे ढकलायच्या.

आता मापाच्या रक्ताबद्दल सांगते, कारण गोष्ट त्याचीच आहे. आजचा आकडा महिन्यापूर्वीच्या आकड्याशी ताडून बघायचा तर मधे काहीतरी न बदलणारं लागतं. यंत्र एखाद्या दिवशी जरा जास्त दाखवतं, एखाद्या दिवशी कमी. म्हणून एकाच निरोगी माणसाचं भरपूर रक्त घ्यायचं, त्याच्या पेशी छोट्या छोट्या कुप्यांत भरून गोठवून ठेवायच्या आणि दर खेपेला आजाऱ्यांच्या शेजारी त्यातली एक कुपी लावायची. घरात भांडी कितीही बदलली तरी तांदूळ मोजायची वाटी जुनीच ठेवतात, तसं.

असा निरोगी माणूस आणायचा कुठून? मॅडम जाहिरात लावायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? आम्हा सगळ्यांना घरची माणसं आहेत. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. सासर-माहेरचं कुणी भेटलं की आम्ही आधी त्याच्या दंडाकडे बघतो, शीर बरी दिसते का ते. माझ्या नवऱ्याला रक्तदाब निघाला, तो बाद झाला. दोन्ही दीर सुई बघून पळाले. तेव्हा ताई तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन आली.

तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणायचो. ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या शेजारी बसलेला माणूस पहिल्या दिवशी देवाचं नाव घ्यायला शिकायचा, गाडी नंतर. नवरा कधीच दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडून बसला होता आणि ती एकटीने मुलीला वाढवत होती. याचं दुःख करायला तिला वेळ मिळत नसावा, कारण ती आली की बोलत सुटायची. ताईची बहीण म्हणून पटायचंच नाही. एकीचं तोंड बंद, दुसरीचं बंद होत नाही.

पण सुई दिसली आणि तीही गप्प झाली. डोळे घट्ट मिटून म्हणाली, “ताई, हिला सांग ना, हळू.”

“तिला हळू येत नाही,” ताई म्हणाली. “पण सुई ती छान घालते.”

इतक्या वर्षांत ताईने केलेली माझी ही एवढीच स्तुती. पिशवी भरत आली तशी धाकटीने एक डोळा उघडला. “अहो बाई, टाकी पूर्ण रिकामी करता का? परत जायला तरी ठेवा.” मग चहा प्यायली, बिस्किटांचा पुडा संपवला, कागदावर सही केली आणि विचारलं, “माझ्या पेशी आहेत तरी कशा?”

“तुझ्यासारख्याच,” ताई म्हणाली. “आचरट.”

ते खरं होतं. यंत्रात पेशींना एकामागून एक तीन औषधं देतात. पहिल्याने त्यांचा श्वास निम्म्यावर येतो. दुसरं औषध सगळे लगाम काढून टाकतं, पळा म्हणतं, बघू किती पळता. तिसऱ्याने श्वास बंद होतो. पडद्यावरची रेघ खाली येते आणि खालीच राहते. धाकटीच्या पेशी दुसऱ्या औषधाला अशा उसळायच्या की रेघ पडद्याबाहेर जाते की काय असं वाटायचं. आणि दर खेपेला तितक्याच उसळायच्या, म्हणून तिचं माप उत्तम ठरलं. कुप्या गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत तिच्या कुप्यांची एक पूर्ण रांग लागली. प्रत्येकीवर लिहिलं होतं, ‘निरोगी’.

ज्या दिवशी धाकटी गेली, त्या दिवशी ताईच्या टेबलावर तिचीच कुपी होती.

सकाळची वेळ होती. दोन आजाऱ्यांचं ताजं रक्त फिरत होतं आणि धाकटीची कुपी नुकतीच वितळवली होती. ताईचा फोन वाजला. तिच्या हातात हातमोजे, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला. गाडी शिकवायच्या शाळेचे मालक बोलत होते, मोठ्या आवाजात, मलाही सगळं ऐकू आलं. धाकटीला डोकं दुखून चक्कर आली, दवाखान्यात आणलंय, शुद्धीवर आहे, ताईला बोलवा म्हणतेय.

“शुद्धीवर आहे ना?” ताईने विचारलं. “बोलतेय ना? मग सांगा तिला, एवढं धुऊन घेते आणि निघतेच.”

मी म्हटलं, “ताई, जा तू. मी करते.”

“तुझे हात घाईचे,” ती म्हणाली आणि थेंब सोडला.

तिने पेशी धुतल्या, मोजल्या, खळग्यांत सोडल्या. एकही बुडबुडा नाही. प्लेट यंत्रात सरकवून ती निघाली, मागोमाग मी आणि मॅडमही. डोक्यातली शीर फुटली होती. ताई पोचली तेव्हा धाकटीच्या तोंडावर चादर ओढलेली होती. इकडे यंत्र चालूच होतं. आम्ही परत येऊन बघितलं तर त्या दिवसाचे आकडे सगळ्यांत सुंदर निघाले होते, आणि मॅडमना ते कुणाला दाखवायची लाज वाटली.

लगेच गेली असती तर धाकटी वाचली असती का? नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मॅडमनीही सांगितलं. पण ती शेवटचे दोन शब्द तरी बोलली असती. मला ताईचा इतका राग आला होता की मी काही दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मग लक्षात आलं, की बोलले काय आणि न बोलले काय, तिला फरकच पडत नव्हता.

ती कामाला आली. तशीच तिरकी नळी, तसंच कडं. डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, दगड आहे बाई. पहिल्याच खेपेला ती टाकीपाशी गेली, झाकण उघडलं, वाफ बाजूला केली आणि धाकटीच्या रांगेतली कुपी काढली. मी आडवी आले. म्हटलं, “मॅडमना सांगू. दुसरं माप लावू.”

“कशाला?” ताई म्हणाली. “चांगलं माप आहे.”

आणि मग दर खेपेला तेच. ताई बहिणीची कुपी कोमट पाण्यात धरायची, बर्फाचा शेवटचा कण उरेपर्यंत. मग वरून थेंब थेंब द्रावण. एका मेलेल्या बाईच्या पेशी डोळे उघडायच्या, श्वास घ्यायच्या, दुसऱ्या औषधाला उसळायच्या आणि तिसऱ्याला थांबायच्या. ताई तोवर जेवायला गेलेली असायची. यंत्राला कुणी सोबत करत नाही, ते आपलं आपण चालतं. ती परत येऊन प्लेट काढायची आणि जंतुनाशकाच्या बादलीत बुडवायची.

धाकटीची मुलगी आता ताईकडे राहायला आली होती. तिला मी पूर्वी ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायचे, कारण ती आली की रक्त तांबडंच का, तुमच्या नाकाला मास्क टोचत नाही का, असं एकामागून एक सुरू व्हायचं. आई गेल्यावर तिने प्रश्न विचारणं बंद केलं. मी एकदा त्यांच्या घरी गेले. घर लख्ख. पोरीचे केस नीट विंचरलेले, वह्यांना कव्हरं घातलेली, डबा धुऊन पालथा ठेवलेला. ताई तिला दूध देत होती. पेला तिरका धरून, कडेकडेने, फेस येऊ न देता. पोरगी ते बघत होती, तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे. दूध प्यायली, पेला धुतला, आत गेली. सगळं घर अळीमिळी गुपचिळी. मला तिथे बसवेना.

बाहेर जिन्यात मी ताईला धरलं. “अगं, पोरीला जरा जवळ घे.”

“घेते की. झोपताना पांघरूण घालते.”

“पांघरूण वेगळं, ताई.”

ती बराच वेळ कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, “दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय मला. गाल चावला तरी कळत नाही. उतरेल म्हणून वाट बघतेय.” मला वाटलं ती आणखी काही बोलेल, पण ती जिना झाडायला केरसुणी आणायला आत गेली.

माझा राग तिथे संपला. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

कुप्या कमी होत गेल्या. कुठलंही माप संपायच्या आधी नवीन माप तयार ठेवायचं असतं. जुनं आणि नवं एकाच दिवशी, एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावायचं, म्हणजे यापुढचे आकडे मागच्यांशी जोडता येतात. हे ताईने मला शिकवलंय. पण मॅडम विचारायच्या, “ताई, नवीन मापाचं काय?” आणि ताई म्हणायची, “करू.” कामात ‘करू’ म्हणणारी ताई मी त्याआधी बघितली नव्हती. कधी कधी ती टाकीचं झाकण उघडून उभी राहायची, काहीच न काढता परत बंद करायची. विचारलं तर म्हणायची, “नायट्रोजनची पातळी बघितली.” पातळी बघायला इतका वेळ लागत नाही.

शेवटी रांगेत एकच कुपी राहिली.

मॅडमनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. दार लावलं. नवीन मापासाठी माझी वर्णी लागली होती, माझ्या पेशी गोठवून तयार होत्या. “ताई,” मॅडम म्हणाल्या, “ती शेवटची कुपी मंगळवारी लावली तर जुनं-नवं जोडता येईल. नाही लावली तर आतापर्यंत इतक्या माणसांनी दंड पुढे केले, त्यांचे आकडे एकीकडे आणि नवे दुसरीकडे पडतील. पण कुपी तुला ठेवायची असेल तर ठेव. मी तुला विचारणार नाही आणि बोल लावणार नाही. ठरव.”

“लावू,” ताई म्हणाली.

बाहेर आल्यावर माझा पारा चढला. “एवढी एकच उरलीय. बाकी जगात तिचं जिवंत असं काही नाही. ठेव ना!”

“ठेवून काय करू? रोज झाकण उघडून बघू?”

“आत्ताही बघतेसच की!”

तिने माझ्याकडे बघितलं. मी जीभ चावली. “पोरीला तरी सांग,” मी हळू आवाजात म्हटलं. “तिला कळायला हवं.”

“काय सांगू? तुझी आई डब्यात आहे आणि मंगळवारी संपणार आहे?” तिने हे हवामान सांगावं तसं सांगितलं आणि पिपेटची टोकं डबीत भरायला बसली.

मंगळवार आला. त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन आले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे जिने चढलेला माणूस आमच्या एका जिन्यावर दोनदा बसला. मी त्यांचं रक्त काढलं. ताईने ते तिरक्या नळीत उतरवलं, फिरवायला लावलं, आणि टाकीपाशी गेली. झाकण उघडलं. या वेळी लगेच बंद केलं. धाकटीची कुपी आणि माझी कुपी तिने एकाच पाण्यात धरल्या. बर्फाचा कण उरला तशी त्या उचलल्या आणि थेंब सोडायला सुरुवात केली. आधी माझ्या नळीत, मग धाकटीच्या. मी शेजारी उभी होते. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, रोज नसतं तसंच.

फोन वाजला.

मी उचलून तिच्या कानाशी धरला. पोरीच्या शाळेतल्या बाई होत्या. “घाबरू नका. जिन्यावरून पडलीय. मनगट सुजलंय, बहुतेक हाड असेल. आम्ही दवाखान्यात नेतो. खरं तर ती म्हणत होती, मावशीला फोन करू नका. मावशीचं काम मधेच सोडता येत नाही, काम झालं की ती येईल, असं म्हणतेय.”

ताईच्या पिपेटच्या टोकाला थेंब होता. तो पडला नाही. तिने तो तसाच धरून ठेवला होता.

मी या वेळी ‘जा, मी करते’ म्हणाले नाही. एकदा म्हणून बघितलं होतं. सेंट्रिफ्यूज थांबत आलं होतं, पोस्टमनचं कडं तयार होत होतं, धाकटीच्या पेशींवर अर्धंच द्रावण पडलं होतं, आणि यातलं काहीच थांबणारं नव्हतं. मी नुसती फोन धरून उभी राहिले. पलीकडून बाई “हॅलो, हॅलो” करत होत्या.

ताईने थेंब नळीत सोडला. पिपेट माझ्यापुढे धरलं.

“धर.”

“मी?”

“दुसरं कोण आहे इथे?”

“ताई, अगं, माझे हात…”

“माहीत आहेत मला तुझे हात.” तिने हातमोजे काढले, कोट काढून खुर्चीवर टाकला. घडी न घालता टाकला. दारात ती थांबेल, ब्रेक बंद ठेव म्हणेल, बुडबुडे म्हणेल, असं मला वाटलं. ती थांबली नाही. बोळातून तिच्या पावलांचा आवाज आला आणि मला कळेना हा कुणाचा, कारण ताईला धावताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग मी आणि धाकटी उरलो.

मी हळू केलं. किती हळू ते सांगून कुणाला पटणार नाही, माझ्या नवऱ्याला तर नाहीच. पोस्टमनचं कडं उचललं. सगळं धुतलं. धाकटीच्या पेशी निळ्या रंगात घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. थोड्या निळ्या होत्या, बाकी चकाकत होत्या. इतकं सगळं होऊन गेलं आणि या आपल्या चकाकतायत, काही माहीतच नसल्यासारख्या. मला रडू येऊ लागलं. पण हात हलता कामा नव्हता, म्हणून ते आत दाबलं आणि मोजत राहिले. ताईचं वर्षभर काय होत असेल, ते मला तेव्हा कळलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण त्या दिवशी मलाही थोडी धग लागली.

प्लेट भरली, उबेला ठेवली, यंत्रात सरकवली. मॅडम दारात आल्या. “चल, जेवून घे. ते चालेल आता.”

“तुम्ही जा,” मी म्हटलं आणि खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले.

पडद्यावर रेघा आल्या. पोस्टमनची, माझी, धाकटीची. पहिल्या औषधाला सगळ्या खाली आल्या. दुसऱ्याला माझी रेघ जेमतेम चढली. मला सगळे उतावळी म्हणतात, आणि आतून मी आळशी निघाले. पोस्टमनची तर हललीच नाही म्हणायची. आणि धाकटी उसळली. पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत गेली, नेहमीसारखी, पहिल्या दिवशीसारखी. मी एकटीच होते, तरी मोठ्याने म्हणाले, “अगं, हळू.”

मग तिसरं औषध गेलं. रेघ खाली आली. मी उठले नाही. रेघ तळाला जाऊन सपाट झाली, यंत्राने वाजून सांगितलं, तरी जरा वेळ बसूनच राहिले. मग प्लेट काढली आणि बादलीत बुडवली.

संध्याकाळी ताईचा निरोप आला. ‘हाड मोडलंय. प्लास्टर घातलं. दूध प्यायली.’ बाकी तिने काही विचारलं नाही, मीही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली. कोट उचलला, त्याला पडलेल्या चुण्या हाताने सारख्या केल्या. मी त्या दिवशीच्या आजारी बाईंचं रक्त काढून आणलं होतं आणि नळ्या स्टँडला लावत होते.

“मला बघून म्हणाली, काम झालं?” ताई सांगायला लागली. तिला विचारावं लागलं नाही, हेच मला नवीन होतं. “मी म्हटलं, नाही झालं, टाकून आले. तर रडायला लागली. हात मोडला तेव्हा रडली नव्हती म्हणे. गळ्यात पडून इतकी रडली की प्लास्टरवाला खोळंबला.”

“आणि तू?”

“मी धरून बसले.” तिने हातमोज्यांचा डबा पुढे ओढला. “बुडबुडे?”

“एक. माझ्याच पेशींच्या खळग्यात.”

“मग ठीक.”

आता ती आकडे विचारेल म्हणून मी कागद पुढे केला. तिने तो बघितला नाही. एक हातमोजा घातला, बोटं सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “थांबली तेव्हा तू होतीस का तिथे? की जेवायला गेली होतीस?”

“होते,” मी म्हटलं. “समोर बसले होते. शेवटपर्यंत.”

“बरं झालं,” ताई म्हणाली. “या वेळी कुणीतरी होतं.”

दुसरा हातमोजा तिच्या हातातच राहिला. ती रडायला लागली. मुसमुसत वगैरे नाही, चांगली मोठ्याने, तोंड उघडून, बोळात ऐकू जाईल अशी. मॅडम धावत दारापर्यंत आल्या, तिला बघितलं आणि दार हळूच ओढून घेऊन परत गेल्या. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तिनेच तो काढून मला टेबलाकडे ढकललं, कारण स्टँडवर त्या बाईंचं रक्त तसंच होतं.

मी पिपेट भरलं, नळी तिरकी धरली आणि रक्त कडेने सोडायला लागले.

“सावकाश,” ताई रडता रडता म्हणाली.